प्रामिपेक्सोल बंद केल्यापासून वडील अस्वस्थ आहेत : आजार वाढला आहे की गोळी सुटल्याचा त्रास आहे?

कृष्णाकाठ :

सर्वांना नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे असून एस.टी.च्या कार्यशाळेत चौतीस वर्षे मेकॅनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला, पुढे चालताना तो हात हलेनासा झाला आणि पार्किन्सन्सचे निदान झाले. तेव्हापासून ते लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी घेतात. साडेचार वर्षांपूर्वी तिच्या जोडीला प्रामिपेक्सोल सुरू झाले आणि त्याचे प्रमाण वाढत वाढत अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा इथपर्यंत आले. या गोळीने त्यांना फायदा झाला हे मी आधीच सांगते, कारण पुढचे वाचून कोणी हे औषधच वाईट असा अर्थ काढू नये. शर्टाची बटणे ते पुन्हा स्वतःची स्वतः लावू लागले होते.

दोन वर्षांपूर्वी घरात कुरिअरची खोकी येऊ लागली. आधी एक विजेरी आली, मग पाच आल्या, मग पान्यांचे आणि स्क्रू-ड्रायव्हरचे संच येऊ लागले. आयुष्यभर हत्यारांत राहिलेला माणूस, निवृत्तीनंतरचा विरंगुळा असेल, असे आईला वाटले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून रेडिओ खोलत, त्याचे स्क्रू आकाराप्रमाणे स्टीलच्या वाट्यांतून लावत, पुन्हा सगळे एकत्र ओतत आणि पुन्हा लावायला घेत. दिवाळीआधी माळा झाडताना मला एका जुन्या पिशवीत रबर लावलेल्या लॉटरीच्या तिकिटांच्या गड्ड्या सापडल्या. त्यानंतर बँकेत गेल्यावर कळले की दोन लाख साठ हजारांची मुदतठेव मोडलेली आहे. ज्या माणसाने मला भाजीच्या हिशेबातले दोन रुपये परत आणायला शिकवले, त्याच्याकडून हे घडले होते.

आम्ही हे डॉक्टरांना सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच ओळखले की हा प्रामिपेक्सोलचा परिणाम आहे. एक आठवडा अर्धे प्रमाण देऊन नंतर ती गोळी पूर्ण बंद करायची, असे त्यांनी लिहून दिले आणि लेव्होडोपा थोडे वाढवले. गोळी बंद होऊन आज सोळा दिवस झाले आहेत. खरेदी थांबली आहे, वाट्यांतले स्क्रू तसेच पडून आहेत. परंतु वडील मात्र आम्हांला ओळखू येऊ नयेत असे झाले आहेत. पहाटे चारच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटतो आणि बनियन पिळून काढावे लागते. छातीत धडधडते, आता आपण वाचत नाही असे ते म्हणतात. आम्ही दोनदा हृदयाचा आलेख काढून घेतला आणि तो दोन्ही वेळा व्यवस्थित होता. अंग ठणकते, अंगणातही यायला ते घाबरतात आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. विशेष म्हणजे त्यांचे चालणे बिघडलेले नाही, कंपही पूर्वीइतकाच आहे. काल रात्री त्यांनी माझा हात धरून, "ती छोटी गोळी एकच दे, पुन्हा मागणार नाही," असे म्हटले आणि ते रडू लागले. मी त्यांना कधीही रडताना पाहिले नव्हते.

माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे आहे की ही व्यसन सुटतानाची नाटके आहेत, आपण घट्ट राहायला हवे. एवढेच नव्हे, तर या सगळ्या गोळ्या एकाच जातीच्या असतील तर लेव्होडोपाही हळूहळू काढून टाकावी आणि त्याऐवजी खाजकुयलीचे चूर्ण द्यावे, असे तो म्हणतो. चूर्णाचा डबा त्याने आणूनही ठेवला आहे. आमची पुढची तपासणी तेवीस दिवसांनी आहे. वडिलांचा आजार एकाएकी वाढला आहे, की हा गोळी सुटल्याचा त्रास आहे? तो आपोआप शमेल, की गोळी पुन्हा सुरू करावी लागेल? ज्यांनी घरात हे अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.


सहप्रवासी, पुणे :

ताई, तुमचे लिहिणे वाचताना मला आमच्याच घरातले तीन वर्षांपूर्वीचे दिवस आठवले, म्हणून सविस्तर लिहिते. मी शुभंकर आहे, म्हणजे पार्किन्सन्स असलेल्या माणसाची सोबत करणारी, आणि माझे यजमान शुभार्थी आहेत. हे शब्द मी पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात प्रथम ऐकले आणि तेव्हापासून मला 'रुग्ण' म्हणणे जड जाते.

माझ्या यजमानांना खरेदीचा नाही, शेअर बाजाराचा नाद लागला होता. एका पतपेढीतून त्यांनी मला न सांगता कर्ज काढले. त्यांची गोळी रोपिनिरोल होती, पण ती तुमच्या वडिलांच्या गोळीचीच बहीण आहे. ती कमी करायला घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांना जे झाले ते तुम्ही लिहिले आहे तसेच होते : पहाटेचा घाम, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, कारण नसताना भीती आणि कशातच मन न लागणे. मीही पहिले दहा दिवस तुमच्या भावासारखाच विचार केला. ज्या गोळीने संसार मोडायला आणला ती मागतात म्हणजे काय, अशा रागाने मी डबा कपाटात कुलपात ठेवला होता. त्या दहा दिवसांचे मला आजही वाईट वाटते, कारण ते मागत होते ते चैनीसाठी नव्हते, ते एका यातनेतून सुटका मागत होते आणि मी तिला हट्ट समजत होते.

आमच्या डॉक्टरांना मी फोनवर सगळे सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावले, गोळी अगदी लहान प्रमाणात पुन्हा सुरू केली आणि चार दिवसांत घाम व भीती दोन्ही ओसरली. त्यानंतर पुन्हा कमी करायला सुरुवात केली, ती मात्र कासवाच्या गतीने. एकेक पायरी उतरायला तीन ते चार आठवडे, आणि एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर तिथेच थांबायचे. पूर्ण बंद व्हायला सात महिने लागले. मी कालनिर्णयच्या चौकोनात रोज तीन गोष्टी लिहीत असे : किती वाजता कोणती गोळी दिली, घाम किंवा घाबरणे किती वाजता झाले, आणि त्या वेळी हातपाय मोकळे होते की जखडलेले. सुरुवातीला मला हे उगीचच वाटले होते. परंतु तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी आमच्या तोंडच्या वर्णनापेक्षा त्या चौकोनांवर जास्त वेळ घालवला आणि पुढचे निर्णय त्यावरूनच झाले.

पैशांबद्दल एक सांगते. गोळी पुन्हा लहान प्रमाणात सुरू होणार असेल तर आधी बँकेचे व्यवहार दोघांच्या सहीचे करून घ्या आणि मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय काढून घ्या. हे त्यांच्या पाठीमागे करू नका, त्यांना समोर बसवून, त्यांच्या संमतीने करा. माझ्या यजमानांनी स्वतःच मला कार्ड दिले आणि म्हणाले, "मला माझा भरवसा नाही, तू ठेव." त्यांच्या मनात किती लाज साठली होती हे मला त्या दिवशी कळले. तुमच्या वडिलांनाही ती असणार. त्यांच्याशी तिकिटांचा विषय काढाल तेव्हा हे औषधामुळे झाले, तुमच्या स्वभावामुळे नाही, हे वाक्य आधी म्हणा.


मेंदूविकार_ओपीडी :

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. वडिलांना न तपासता मी निदान करू शकत नाही आणि प्रमाणही सांगणार नाही, परंतु तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी तातडीच्या आहेत, त्या आधी लिहितो.

पहिली : लेव्होडोपा कोणत्याही परिस्थितीत घरच्या घरी कमी करू नका किंवा बंद करू नका. पार्किन्सन्समध्ये मेंदूतील डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात आणि लेव्होडोपा हा त्या डोपामिनचा कच्चा माल आहे. तो एकाएकी तोडला तर काही जणांना तीव्र ताप येतो, शरीर लाकडासारखे ताठर होते, शुद्ध हरपू लागते, स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडे निकामी करू शकतात आणि यात जीवही जाऊ शकतो. १९७०च्या दशकात शुभार्थींना रुग्णालयात ठेवून मुद्दाम काही दिवस 'औषधसुट्टी' देण्याची पद्धत होती, नंतर औषध पुन्हा चांगले लागू पडेल अशी त्यामागे अपेक्षा होती. फायदा अल्पकाळ टिकतो आणि धोका मोठा आहे हे लक्षात आल्यावर ती सोडून देण्यात आली. तेव्हा ते डॉक्टरांच्या नजरेखाली केले जात होते, हे तुमच्या भावाला अवश्य सांगा.

खाजकुयलीबद्दलही त्यांचा गैरसमज आहे. त्या बियांत जे काम करते ते लेव्होडोपाच आहे. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुयलीच्या बियांतून ते वेगळे काढून दाखवले होते. म्हणजे चूर्ण देणे हे औषध सोडणे नव्हे, तेच औषध मोजमाप नसलेल्या स्वरूपात देणे आहे. गोळीत कार्बिडोपा असते. लेव्होडोपा मेंदूत पोहोचण्याआधीच वाटेत खर्च होऊ नये यासाठी ते घातलेले असते. चूर्णात ते नसते आणि प्रत्येक डब्यातील लेव्होडोपाचे प्रमाणही सारखे नसते. खाजकुयलीवर गंभीर संशोधन झाले आहे आणि मला त्या वनस्पतीबद्दल आदर आहे, परंतु सध्याच्या अवस्थेत तो डबा बाजूला ठेवा.

दुसरी तातडीची गोष्ट : वडिलांच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा, मरणाची इच्छा किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार येत असेल तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. "वाचत नाही" ही भीती आणि "जगायचे नाही" ही इच्छा यांत फरक आहे. तो त्यांना थेट विचारूनच कळतो आणि विचारल्याने त्यांच्या मनात नसलेला विचार येतो ही समजूत खरी नाही.

आता मूळ प्रश्न. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधे स्वतः डोपामिन नसून डोपामिनच्या कुलपांत बसणाऱ्या किल्ल्यांसारखी आहेत. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागात ती काम करतात, तशीच मेंदूच्या ज्या भागांत ओढ, आनंद आणि बक्षिसाची अपेक्षा निर्माण होते तिथेही करतात. प्रामिपेक्सोलचा कल तर त्या भागांत अधिक आढळणाऱ्या डी-३ ग्राहकांकडे, म्हणजे एका प्रकारच्या कुलपांकडे, विशेष आहे. म्हणून काहींना जुगार, खरेदी, अतिखाणे किंवा लैंगिक वर्तन आवरत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ३,०९० शुभार्थींच्या एका मोठ्या पाहणीत, या गटातील औषधे घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ६.९ टक्के लोकांत असे वर्तन आढळले. स्क्रू लावत बसणे हा त्याच कुळातला, पण वेगळा प्रकार आहे. जुन्या व्यवसायाशी नाते असलेली कामे त्यात पुन्हा पुन्हा केली जातात, म्हणून मेकॅनिक रेडिओ खोलतो.

त्याच वर्षी ही औषधे कमी करताना होणाऱ्या त्रासाचे स्वतंत्र वर्णनही प्रथम झाले. औषध कमी केलेल्या २६ जणांपैकी ५ जणांना भीतीचे झटके, घराबाहेर पडण्याची धास्ती, उदासी, घाम, थकवा, अंगदुखी, उभे राहिल्यावर रक्तदाब घसरणे आणि त्या औषधाची तीव्र ओढ असा त्रास झाला. त्या पाचही जणांना आधी आवर न राहण्याचा दुष्परिणाम झालेला होता, आणि औषधाचे प्रमाण जितके जास्त तितका हा धोका अधिक असल्याचे दिसले. ही संख्या लहान आहे, परंतु नंतरचा अनुभवही याच दिशेचा आहे. आजार वाढला असता तर चालणे, वळणे आणि कंप यांत बिघाड दिसला असता. चालणे ठीक आणि मन उद्ध्वस्त, हे तुमचे वर्णन गोळी सुटल्याच्या त्रासाकडे बोट दाखवते. एक शंका मात्र निस्तरावी लागेल. लेव्होडोपाचा असर उतरताना देखील घाम आणि घबराट होते. तो त्रास पुढच्या गोळीनंतर तास-दीड तासात कमी होतो, गोळी सुटल्याचा त्रास लेव्होडोपाने हटत नाही. वर सुचवलेली कालनिर्णयाची नोंद म्हणूनच मोलाची आहे.

यावर खात्रीचे दुसरे औषध नाही हे मी स्पष्ट लिहितो. उदासीवरची व चिंतेवरची औषधे काहींना थोडा आधार देतात. काहींचा त्रास काही आठवड्यांत शमतो, काहींचा महिनोन् महिने रेंगाळतो. हमखास उतार पडतो तो तेच औषध थोड्या प्रमाणात परत देऊन, आणि मग अधिक सावकाश कमी करून. त्याबरोबर खरेदीची ओढ परत येण्याचा धोकाही येतो, त्यामुळे हा तोल तुमच्या डॉक्टरांनीच साधायचा आहे. तेवीस दिवस थांबू नका, उद्याच फोन करा. आठवड्याभरात गोळी बंद करण्यात त्यांची चूक झाली असे मी म्हणणार नाही. औषधाच्या माहितीपत्रकांत याहूनही जलद उतार दिलेला असतो आणि पुष्कळांना तो सोसतो. प्रामिपेक्सोल मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, म्हणून वडिलांची क्रिअॅटिनिनची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्यावी.

जाता जाता एक विचारतो : वडील पित्तासाठी, मळमळीसाठी किंवा चक्करेसाठी कोणती गोळी घेतात?


कृष्णाकाठ :

डॉक्टर, मनापासून आभार. तुम्ही विचारल्यावर मी औषधांचा डबा उलटा केला. तीन वर्षांपासून वडील सकाळी उपाशीपोटी पित्ताची एक कॅप्सूल घेतात. ती कोणत्याही मोठ्या डॉक्टरांनी दिलेली नाही, शेजारच्यांना गुण आला म्हणून सुरू झाली आणि पुढे औषधांच्या दुकानातून तशीच येत राहिली. पाकिटाच्या मागची अक्षरे इतकी बारीक आहेत की मी मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचला. राबेप्राझोल आणि त्याखाली लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम असे लिहिले आहे. मेंदूविकारतज्ज्ञांना आम्ही ही कॅप्सूल कधी दाखवलीच नाही, कारण पित्ताच्या गोळीचा पार्किन्सन्सशी काही संबंध असेल असे आमच्या मनातही आले नाही.


मेंदूविकार_ओपीडी :

ती कॅप्सूल हातात घेऊनच डॉक्टरांकडे जा. लेव्होसल्पिराइड डोपामिनची कुलपे अडवते. जठराची हालचाल वाढावी म्हणून ते दिले जाते, पण ते मेंदूतही पोहोचते आणि निरोगी माणसातही पार्किन्सन्ससारखी लक्षणे उत्पन्न करू शकते. ज्याला मुळात पार्किन्सन्स आहे त्याच्या बाबतीत एका हाताने डोपामिन द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याची वाट अडवायची असे होते. उदासी आणि आतली तगमगही त्याने वाढू शकते. माझ्या बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षे हे औषध घेतलेले लोक नेहमी येतात, आणि काहींच्या बाबतीत पार्किन्सन्स नव्हताच, केवळ हे औषध थांबवून काही महिन्यांत कंप व ताठरपणा गेला, असेही मी पाहिले आहे. तुमच्या वडिलांचा आजार आठ वर्षांचा आणि कॅप्सूल तीन वर्षांची आहे, त्यामुळे निदान बदलेल असे मला वाटत नाही. मात्र प्रामिपेक्सोल इतके वाढवावे लागले त्यात या कॅप्सूलचा वाटा होता का, हे तपासण्यासारखे आहे. तसे असेल तर ते औषध सोडणेही सोपे जाईल. उलटी-मळमळीची मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, चक्करेची सिनारिझिन आणि अर्धशिशीची फ्लुनारिझिन ही औषधेही याच कारणासाठी पार्किन्सन्समध्ये टाळायची असतात. हे एका कागदावर लिहून वडिलांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर चिकटवा.


रात्रीचा_प्रवासी :

मला पार्किन्सन्स नाही, पण याच गोळीतून बाहेर पडलेला माणूस म्हणून लिहितो. रात्री अंथरुणावर पडले की पोटऱ्यांत वळवळ होई आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नसे, या आजाराला रेस्टलेस लेग्ज म्हणतात, म्हणून मला प्रामिपेक्सोल दिले गेले. पहिली दोन वर्षे झोप सोन्यासारखी लागली. पुढे रात्री दहाची वळवळ संध्याकाळी सहाला, मग दुपारी चारला सुरू होऊ लागली आणि हातांतही आली. दर वेळी गोळी वाढवली की महिनाभर बरे वाटे. औषधानेच आजार पुढे सरकतो हे मला फार उशिरा सांगण्यात आले. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने या आजारासाठी ही औषधे सरसकट वापरू नयेत असे मार्गदर्शन केले आहे, ते याच कारणाने.

माझी गोळी चार महिन्यांत बंद झाली. शेवटचा पाव तुकडा सोडल्यावरचे दहा-बारा दिवस सर्वांत कठीण गेले. मी रात्रभर गच्चीवर फेऱ्या घालत असे आणि पहाटे पायऱ्यांवरच डोळा लागे. त्या काळात बायको रागावली नाही, तिने दार आतून लावले नाही आणि पाण्याचा तांब्या गच्चीवर ठेवला, हे मी विसरणार नाही. माझ्या रक्तातील फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे द्रव्य, कमी होते, लोह आणि गॅबापेन्टिन सुरू झाल्यावर उतार पडला. वडिलांचा आजार वेगळा आहे, त्यामुळे माझे औषध त्यांना लागू नाही. पण त्या गोळीची ओढ कशी असते हे मला माहीत आहे. ती जिभेची किंवा मनाची चटक नसते, सगळे शरीरच काहीतरी हरवल्यासारखे हाका मारत असते. तुमच्या भावाला माझे एवढे वाक्य वाचून दाखवा.


भीमाशंकरचा_वारा :

लेव्होडोपा तुटल्यावर काय होते हे वर डॉक्टरांनी लिहिले आहे, ते मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिले आहे. गेल्या वर्षी ती घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेसाठी तिला उपाशी ठेवले, शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली गेली आणि या गोंधळात तिच्या पार्किन्सन्सच्या गोळ्या दीड दिवस दिल्याच गेल्या नाहीत. मी विचारले तेव्हा, "तोंडाने काही द्यायचे नाही," एवढेच उत्तर मिळाले. उलटी होऊ नये म्हणून एक इंजेक्शनही दिले होते, ते मेटोक्लोप्रमाइडचे होते हे मला नंतर कागदपत्रांवरून कळले. दुसऱ्या रात्री तिला १०४ अंश ताप चढला, मान आणि जबडा असा ताठरला की चमचाभर पाणी आत जाईना, आणि ती मला ओळखेना. आधी सगळ्यांना जंतुसंसर्ग वाटला. मेंदूविकारतज्ज्ञांनी रक्तातील सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारे द्रव्य, पाहिले, नाकातून नळी घातली, गोळ्या पाण्यात विरघळवून त्याच रात्री सुरू केल्या. आई वाचली, पण अतिदक्षता विभागात अकरा दिवस गेले.

तेव्हापासून तिच्या उशाशी जाड कागदावर गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असतात आणि त्याखाली एक ओळ असते : उपाशी ठेवायचे असले तरी ही गोळी घोटभर पाण्याबरोबर देता येईल का, हे भूलतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती चुकवू नये. ब्रिटनमध्ये पार्किन्सन्सच्या संस्थेने रुग्णालयांत गोळी वेळेवर मिळावी यासाठी २००६पासून मोहीम चालवली आहे. आपल्याकडे ते काम सध्या तरी घरच्या माणसालाच करावे लागते. ताई, वडिलांना घाबरलेल्या अवस्थेत कुठे दाखल करावे लागलेच, तर लेव्होडोपाची पाकिटे स्वतःबरोबर न्या आणि वेळ झाली की आठवण करून द्या, कोणी रागावले तरी.


कृष्णाकाठ :

सोमवारी डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले आणि मंगळवारी आम्ही जाऊन आलो. प्रामिपेक्सोल पाव मिलिग्रॅमची अर्धी गोळी, दिवसातून दोनदा अशी पुन्हा सुरू केली आहे. पुढची पायरी महिन्याने ठरणार आहे. लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल थांबवून पित्तासाठी साधी गोळी दिली आहे. उभे राहिल्यावर रक्तदाब वीस अंकांनी खाली येतो असे आढळले, म्हणून पलंगावरून उठताना दोन मिनिटे पाय खाली सोडून बसायला सांगितले आहे. क्रिअॅटिनिन ठीक आहे.

भाऊ बरोबर आला होता. परत येताना गाडीत तो फारसे बोलला नाही. घरी आल्यावर चूर्णाचा डबा त्याने स्वतःच फडताळातून काढून नेला आणि रात्री वडिलांच्या खोलीत चटई टाकून झोपला. पहाटे चारला त्यांना घाम आला तेव्हा त्यानेच बनियन बदलले. मी दारातून पाहिले, तर तो त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि कॅलेंडरच्या चौकोनात वेळ लिहीत होता. आज गोळी सुरू होऊन चौथा दिवस आहे. घाम पहिल्यापेक्षा कमी आहे, भीती अजून आहे. दुपारी त्यांनी आईला चहात आले घालायला सांगितले. तीन आठवड्यांत त्यांनी स्वतःहून काही मागितले ते हे पहिलेच. पुढच्या पायरीनंतर पुन्हा लिहीन.